गो, नो-गो आणि हजार जिताडे

वर्कशॉपमध्ये स्क्रॅप कसं साठतं, हे कुणाच्या ध्यानात येत नाही. रोज ओंजळभर लोखंडाचा कीस निघतो, कोपऱ्यात सरकवला जातो आणि एक दिवस भंगारवाला टेम्पो घेऊन आला की सगळे म्हणतात, अरे, एवढं कुठनं आलं? आमच्या युनिटमधल्या किश्श्यांचं तसंच आहे. परवा चाकणला आम्ही सगळे चहाला जमलो आणि कुणीतरी नुसतं माशांचं नाव काढलं. दोन तास गेले, चहा तीनदा झाला. घरी येताना ठरवलं की हे लिहूनच ठेवावं, कारण दर वेळी आमचे फायबरवाले मेस्त्री त्यात पदरचं घालतात.

मी क्वालिटीत. पंचवीस वर्षं हातात मापाचा व्हर्नियर आहे. घरी पोळी वाकडी झाली की नवरा आधीच विचारतो, पास का रिजेक्ट?

आमचं युनिट बावीस माणसांचं. इंजिनचे पार्ट धुवायच्या मशिनी आम्ही बनवायचो, म्हणजे टाकी, पंप आणि फिल्टर. रस्त्यावर इलेक्ट्रिक गाड्या वाढल्या तशा आमच्या ऑर्डरी आटल्या आणि सेकंड शिफ्ट बंद झाली. आमचे मालक पाठक सर मनानं मऊ माणूस. त्यांनी एका सकाळी सगळ्यांना गोळा केलं आणि जमिनीकडं बघत सांगितलं की दिवाळीपर्यंत नवीन काम आलं नाही तर काही जणांना थांबवावं लागेल. नावं घेतली नाहीत. पण वय झालेली, पगार वाढलेली माणसं कोण, हे प्रत्येकाला माहीत होतं. त्यात पहिली मी आणि दुसरे आमचे वेल्डर बाळूदादा.

त्याच आठवड्यात अंदमानातून फोन आला.

*

फोन करणाऱ्या बाईंना तिकडे सगळे दीदी म्हणतात, म्हणून आम्हीही दीदीच म्हणायला लागलो. एका छोट्या बेटावरच्या बायकांचा त्यांचा गट. त्यांच्या किनाऱ्यावर जाळ्यात मोठा मासा दिसेनासा झाला होता, नुसती पिल्लं यायची. म्हणून त्यांनी ठरवलं होतं की समुद्रातली पिल्लं उचलायचीच नाहीत. हॅचरीतून जिताड्याची पिल्लं आणायची, जमिनीवरच्या टाकीत बोटभर वाढवायची आणि मग खाडीतल्या पिंजऱ्यात सोडायची. समुद्राला तेवढीच उसंत. त्यासाठी त्यांना पाणी फिरवणारी, गाळणारी आणि त्यात हवा सोडणारी टाकी हवी होती. कुणीतरी त्यांना सांगितलं की पार्ट धुवायच्या मशिनीत निम्मं सामान तेच असतं.

सरांनी व्हिडिओ कॉलवर त्यांना सगळी शेड फिरवून दाखवली. दीदींनी विचारलं, समुंदर कितना दूर है? सर खोटं बोलत नाहीत, हा त्यांचा धंद्यातला मोठा दोष. म्हणाले, चार-पाच घंटे, घाट में जाम नहीं लगा तो.

दीदी इतक्या हसल्या की फोन हलायला लागला. हसता हसता त्यांनी विचारलं, मग पाणी कुठून आणता?

"टँकर से," सर म्हणाले.

दीदींचं हसू थांबलं. "हमारा भी," त्या म्हणाल्या.

काम तिथं जमलं. अट मात्र कडक होती, कारण आधी एका पुरवठादाराची मशीन सहा महिन्यांत गंजून बसली होती. साठ दिवस आमच्याच शेडमध्ये हजार पिल्लं वाढवून दाखवायची. आठशे जगली तर त्यांच्या आणि शेजारच्या तीन बेटांचं काम आमचं. नाही जगली तर राम राम.

*

पिल्लं विमानानं लोहगावला उतरली आणि थर्माकोलच्या खोक्यांतून आमच्या गेटवर आली. गेटवर शिंदेमामा. दिघीला राहतात, सैन्यातून रिटायर झालेले. रजिस्टरमध्ये नोंद झाल्याशिवाय ते सरांचा डबासुद्धा आत सोडत नाहीत.

मामांनी चष्मा लावला आणि चौकशी सुरू केली. माल काय? मासे. नग का किलो? नग. रिटर्नेबल का नॉन-रिटर्नेबल?

इथं गाडी अडली. सर म्हणाले, परत कुठं पाठवणार, नॉन-रिटर्नेबल लिहा. मामा म्हणाले, मग ते कन्झ्युमेबलमध्ये जाईल, ग्रीस आणि हातमोज्यांबरोबर. मी म्हटलं, मामा, आत पिल्लं गुदमरतायत. मामा म्हणाले, मॅडम, रूल म्हणजे रूल.

तेवढ्यात बाळूदादा आले. चऱ्होलीचे, गळ्यात तुळशीची माळ, आयुष्यात मासा तोंडाला लावला नाही. त्यांनी खोक्याच्या फटीतून आत बघितलं. भुईमुगाच्या दाण्याएवढे हजार जीव आत वळवळत होते.

"जीव हाय तो, मामा. रिटर्नेबलच लिवा. जायाचंच हाय समद्यास्नी माघारी."

मामांनी रिटर्नेबल लिहिलं.

*

पिल्लांना सुरुवातीला खारं पाणी लागतं आणि चाकणला समुद्र बनवायचा म्हणजे मिठाची पोती फोडायची. पाणी किती खारं झालं हे सांगायचा मान मेस्त्रींना मिळाला, कारण ते देवगडचे. एरवी ते फायबरच्या टाक्या बनवतात, पण त्या दिवसापासून त्यांची चाल बदलली. पाण्यात बोट बुडवायचं, जिभेला लावायचं, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा, "ह्यां अजून विजयदुर्गाच्या खाडीचां. मूठभर मीठ व्हया."

मी मीटर लावायचे. माझं माहेर उदगीरकडचं. समुद्र मी लग्नानंतर एकदाच पाहिला, तोही ओहोटीचा, त्यामुळे माझा भरवसा मीटरवरच. पण मेस्त्रींची जीभ आणि माझा मीटर यांच्यात पंधरा दिवसांत एकदाही फरक आला नाही. शेवटी मला इतका राग आला की मोजमापाच्या साधनांवर आम्ही जो कॅलिब्रेशनचा स्टिकर लावतो, तो मी तारीख घालून मेस्त्रींच्या शर्टाच्या खिशावर चिकटवला. त्यांनी तो मिरवला.

दुसऱ्या दिवशी आमच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा ऑडिटर आला. कोरडा माणूस. त्यानं स्टिकर पाहिला, तारीख तपासली, मेस्त्रींना पाण्याची चव घ्यायला लावली, मीटरशी ताडून पाहिलं आणि गेला. संध्याकाळी त्याचा रिपोर्ट आला. इतर सगळं ठीक होतं, पण शेवटी एक शेरा होता:

"एक इन्स्ट्रुमेंट ड्युटीवर तंबाखू खाताना आढळलं."

*

दहाच्या चहाची बेल झाली की आम्ही पिल्लांना खाद्य टाकायचो. आठवड्याभरात बेल झाली की झाडून सगळी पिल्लं पृष्ठभागावर यायला लागली. सरांनी दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सुनावलं की या युनिटमध्ये वेळेवर हजर होणारे आता तेवढेच उरलेत.

*

मग पिल्लं कमी व्हायला लागली.

दर आठवड्याला आम्ही मोजायचो, दहा दहाच्या मापानं, जाळीनं अलगद उचलून. पहिल्या आठवड्यात चाळीस कमी. मेलेली सापडली असती तर गोष्ट वेगळी. ही नुसतीच गायब. पुढच्या आठवड्यात आणखी साठ.

संशय अर्थातच मेस्त्रींवर गेला, कारण त्यांच्या डब्याला वास यायचा. त्यांनी डबा सगळ्यांसमोर उघडला, त्यात बांगडा होता. पिल्लाच्या शंभरपट मोठा. मेस्त्री चिडून म्हणाले की एवढीशी पिल्लं खायला मी काय मांजर आहे? सरांनी तोडगा काढला. टाकीच्या झाकणाला कुलूप आणि किल्ली बाळूदादांकडं. मासे सांभाळायला माळकऱ्याइतका खात्रीचा माणूस कुठून मिळणार!

तरी पुढच्या मोजणीत पन्नास कमी. आता डबा खायला बसलं की बाळूदादांची फिरकी सुरू झाली. दादा, माळ खुंटीला ठेवून येता काय? दादा, रस्सा का फ्राय? सगळे हसायचे, मीही हसले, आणि ते मला आजही लागतं. कारण बाळूदादा हसले नाहीत. ताटातली भाकरी तशीच ठेवून ते उठले.

गुरुवार आमच्या पट्ट्यात सुट्टीचा वार. त्या गुरुवारी दादा घरी राहिलेच नाहीत. सकाळी येऊन स्टूल टाकून टाकीपाशी बसले ते दुपारपर्यंत. तीनच्या सुमाराला मला त्यांचा फोन आला.

"ताई, चोर घावला. त्ये येकमेकाला खात्यात. आत्ता बघितलं म्या, ह्याच्या तोंडातनं त्याची शेपटी भाईर आली व्हती."

मी घरूनच दीदींना फोन लावला. त्या शांतपणे म्हणाल्या की हो, जिताडा आहे तो, भूक लागली की सख्ख्या भावालाही सोडत नाही. दर चार दिवसांनी मोठे-लहान वेगळे करायचे असतात ना? म्हटलं, हे तुम्ही सांगितलं नाहीत. त्या म्हणाल्या, हे सांगावं लागतं, हेच मला माहीत नव्हतं.

शुक्रवारी सकाळी मी सगळ्यांसमोर बाळूदादांची माफी मागितली. मग मेस्त्रींनी मागितली. मग सगळ्यांनीच. दादा म्हणाले, आता पुरे, जिताडं वेगळं करा, तवर दोन गेलं असत्याल.

*

मोठे-लहान वेगळे करायचे म्हटल्यावर मात्र मी बाह्या सरसावल्या. आयुष्यभर दुसरं केलंय काय? आमच्याकडं पिन तपासायला गो नो-गो गेज असतं. भोकातून गेली तर गो, अडकली तर नो-गो, वाद नाही. मी तसंच माशांचं काढलं. स्टीलच्या गजांचा पिंजरा, दोन गजांत ठरावीक फट. बारीक पिल्लं फटीतून निसटून खाली, मोठी वर राहतात. एक टाकी 'गो'ची, एक 'नो-गो'ची.

बाळूदादांनी तो वेल्ड केला. मी फटी व्हर्नियरनं तपासल्या, सगळ्या बरोबर. तरी दादा तो सोडेनात. प्रत्येक गज घासून गुळगुळीत करत होते. शेवटी काय करतात बघावं म्हणून मी मागं उभी राहिले, तर दादा पिंजरा उचलून स्वतःच्या गालावरून फिरवून बघत होते. पिल्लांचं अंग खरचटू नये म्हणून. मी पंचवीस वर्षं फिनिश तपासतेय, पण अशी तपासणी कुठल्याही पुस्तकात नाही.

पहिल्याच खेपेला पिंजरा चालला. फक्त एक पिल्लू फटीतून अर्धं खाली जायचं, विचार बदलायचं, परत वर यायचं. चार वेळा तेच. सगळे माझ्याकडं बघायला लागले, कारण निर्णय क्वालिटीनं द्यायचा असतो. गो म्हणावं तर वर येतंय, नो-गो म्हणावं तर खाली जातंय.

दादांनी त्याला ओंजळीत घेतलं आणि दुरुस्तीला काढलेल्या मालासारखं तिसऱ्या बादलीत सोडलं. म्हणाले, "ह्यो रिवर्क."

*

गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मासे मात्र गुरुवार पाळत नाहीत. आम्ही दर गुरुवारी जनरेटर चालवायचो. एका गुरुवारी दुपारी तो दोनदा खोकला आणि गप्प झाला. शेडमध्ये दोनच माणसं, बाळूदादा आणि शिंदेमामा. आमचे इलेक्ट्रिशियन रफिकभाई भाचीच्या निकाहला भोसरीला.

मामांनी सगळ्यांना फोन केले. मी पोचले तेव्हा हे दोन म्हातारे हवेच्या नळीला सायकलचा पंप लावून आळीपाळीनं दामटत होते. घामानं निथळत होते. एक पिल्लू उलटं तरंगलं की दादा डोळे मिटून घ्यायचे आणि पुन्हा पंप मारायचे.

एवढ्यात गेटमधून एक इलेक्ट्रिक टेम्पो शिरला. पुढं ड्रायव्हरशेजारी शेरवानीतले रफिकभाई, मागं बिर्याणीची दोन डेगं. कॅटररच्या टेम्पोतच बसून ते निघाले होते. डेगं उतरवली, शेजारच्या युनिटमधून सोलरचा इन्व्हर्टर आणला, टेम्पोच्या बॅटरीला जोडला आणि दहा मिनिटांत टाकीत बुडबुडे सुरू झाले. आमचा धंदा ज्या गाड्यांनी बसवला, त्यातलीच एक आमच्या माशांना श्वास देत होती. सर त्या टेम्पोकडं टक लावून बघत होते. रफिकभाईंनी शेरवानीची धूळ झटकली.

"सर, गाडी दुश्मन की है. करंट अपना है."

अकरा पिल्लं गेली. बाळूदादांनी ती कुंपणालगत कडुनिंबाखाली पुरली. एक डेग आमच्यातच संपलं. दादांसाठी रफिकभाईंनी खास जर्दा आणवला, तो गोड भात दादांनी दोनदा मागून घेतला. आणि पुढच्या आठवड्यात रफिकभाईंनी टाकीसाठी कायमचा इन्व्हर्टर बसवून टाकला.

*

खंडेनवमीला आमच्याकडं मशीन धुऊन, हार घालून, हळदकुंकू वाहून पूजा होते. पूजा झाली की त्या दिवशी मशिनीला हात लावायचा नाही. याबाबतीत बाळूदादा सगळ्यात कडक. मागं एकदा अर्जंट कामासाठी सरांनी त्या दिवशी लेथ सुरू केलं होतं, तर दादा आठवडाभर त्यांच्याशी बोलले नव्हते.

या वर्षी सगळ्या मशिनी बंद झाल्या. दादा पूजेचं ताट घेऊन हवेच्या ब्लोअरपाशी आले. तो घरघरत होता. सर हळूच म्हणाले, दादा, हा बंद केला तर...

दादांनी चालू ब्लोअरलाच कुंकू लावलं.

"सुट्टी मशिनला असती, सर. नाकाला नसती."

*

साठावा दिवस. वेगळे करूनही अधूनमधून एखादं गिळलं जात होतंच, म्हणून आदल्या दिवशी आम्हीच मोजलं होतं. मी मोजलं, मग मेस्त्रींनी, मग पुन्हा मी. सातशे एक्क्याण्णव.

नऊ कमी. दर महिन्याला घरी काय न्यायचं, हा बावीस घरांचा प्रश्न त्या नऊ माशांवर येऊन ठेपला होता. मेस्त्री हळूच म्हणाले की एवढ्या माशांत नऊचा फरक कोण बघणार आहे? सर म्हणाले, रिपोर्ट मॅडमचा आहे, त्या लिहितील ते. बाळूदादा टाकीचा काठ पुसत राहिले. मी सातशे एक्क्याण्णव लिहिलं आणि सही केली.

दीदी प्रत्यक्ष आल्या. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, साधी सुती साडी, हाताला दोरांचे घट्टे. त्यांनी रिपोर्ट उभ्यानंच वाचला. आकड्यावर बोट ठेवलं. माझ्याकडं बघितलं, सरांकडं बघितलं. टाकीत हात घालून एक जिताडा अलगद धरला, त्याचं पोट बघितलं, सोडला. मग शेडभर फिरल्या आणि भिंतीवरच्या मेन स्विचपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

त्यांनी मेन पाडला. मग इन्व्हर्टरची वायर उपसली.

ब्लोअर थांबला. बुडबुडे विरले. रफिकभाई स्विचकडं धावले, तर दीदी हाताची घडी घालून त्याच्यासमोरून हलेनात.

मग कुणी ओरडलं नाही, कुणी कुणाला काही सांगितलं नाही. बाळूदादांनी बादली उचलली, टाकीतलंच पाणी भरून उंचावरून धार सोडली. त्यांच्या मागोमाग मी. मेस्त्री रेझिनचा नवाकोरा डबा घेऊन. रफिकभाई हेल्मेट घेऊन. शिंदेमामा गेट सोडून आले, आणि ही गोष्ट युनिटच्या इतिहासात दुसऱ्यांदाच घडत होती. ऑफिसमधल्या मुली पाण्याचे जग घेऊन. लेथवाले, पेंटवाले, सगळे टाकीभोवती गोल उभे, वाकायचे, भरायचे, वरून ओतायचे. फरशीवर घोटाभर पाणी, सगळे डोक्यापासून पायापर्यंत भिजलेले. दीदी पाहुण्या आहेत हे कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. मला फक्त धार दिसत होती आणि तिच्याखाली गोळा झालेले मासे.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. केव्हातरी ब्लोअर घरघरला. दीदींनी स्विच वर केला होता. त्या आमच्याजवळ आल्या, पदरानं हात पुसले आणि सरांना म्हणाल्या:

"हमारे यहाँ बिजली दिन में चार बार जाती है. बोलो, पहली टंकी कब भेजोगे?"

सर अजून चहाच्या किटलीनं पाणीच ओतत होते.